भिंतीपलीकडचं रडणं: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं आईवडिलांची नाहीत. शेजाऱ्यांची आहेत, शिकवणी घेणाऱ्यांची आहेत, बसमधल्या प्रवाशांची आहेत. सगळ्यांची अडचण एकच: दिसतंय, ऐकू येतंय, पण मूल आपलं नाही. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत आणि कुठलं मूल ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न: आम्ही कोथरूडला चार मजली जुन्या सोसायटीत राहतो. वरच्या घरात सहा-सात वर्षांचा मुलगा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री नऊनंतर मारल्याचा आवाज येतो. मुलगा “बाबा नको, बाबा नको” म्हणून ओरडतो. सासूबाई म्हणतात, पोराला वळण लावायचं तर मार द्यावाच लागतो. हे म्हणतात, उद्या त्यांना जिन्यात तोंड दाखवायचंय. मी काय करू?

आधी सासूबाईंच्या ‘वळण’ या शब्दाकडे बघू. मुलाच्या खोड्यांना वेळापत्रक नसतं. मार नऊनंतरच बसत असेल, तर त्याचं कारण मुलात नाही, त्या वेळी घरी येणाऱ्या माणसात आहे. आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याला मारहाण केली, छळलं किंवा त्याची हेळसांड केली, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. बाप आहे म्हणून त्यातून सूट नाही.

आजपासून एक वही करा. तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटं चालला, कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे, दुसऱ्या दिवशी मूल दिसलं का आणि कसं दिसलं. “खूप मारलं” असं लिहू नका. “९.४० ते ९.५५, पट्ट्यासारखा आवाज आठ-दहा वेळा, मुलगा ‘आता नाही करणार’ म्हणत होता” असं लिहा. अशा तीन नोंदी असल्या की फोन करताना तुम्ही चाचरणार नाही आणि पलीकडच्या माणसालाही प्रकरण किती तातडीचं आहे ते ठरवता येईल. मात्र तीन नोंदी पुऱ्या होईपर्यंत थांबायचं असा याचा अर्थ नाही.

जिन्यात मूल भेटलं तर बघा, पण त्याची तपासणी करू नका. खेळणाऱ्या मुलाला नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर लागतंच. कान, मान, पोट, पाठ, मांडीचा आतला भाग इथले काळेनिळे डाग सहसा पडून होत नाहीत. डागाला पट्ट्याचा, बोटांचा किंवा वायरच्या वेटोळ्याचा आकार असेल तर शंकेला जागाच नाही. चार महिन्यांच्या आतलं बाळ अजून सरकतही नसतं, त्याच्या अंगावर मुका मार दिसला तर ती गंभीर बाब आहे. इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर जन्मतःच निळसर-राखाडी डाग असतात. ते दुखत नाहीत, दिवसागणिक रंग बदलत नाहीत आणि काही वर्षांत आपोआप पुसट होतात. त्यांना मार समजू नका.

मारहाण चालू आहे आणि मुलाच्या जिवाला धोका वाटतोय, तर ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा क्रमांक. बाकी वेळी १०९८. ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. पुण्यात अनेक वर्षं ज्ञानदेवी ही संस्था ती चालवत असे. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आहे आणि ११२ शी जोडलेली आहे. फोनवर मुलाचं अंदाजे वय, पूर्ण पत्ता (विंग, मजला, ओळखीची खूण), काय ऐकलं आणि केव्हा, घरात आणखी कोण असतं, मूल घरी कुठल्या वेळी सापडेल, एवढं सांगा. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगू शकता. फोन घेणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा नोंद क्रमांक वहीत लिहून ठेवा. आठवडाभरात काही हाललं नाही, तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा फोन करा. दुसऱ्या फोनला आपल्याकडची माणसं फार लाजतात. पण पहिला फोन फायलीत पडून राहिला असेल तर दुसऱ्याच फोनने ती फाइल उघडते.

वर जाऊन बापाला जाब विचारू नका, निदान एकट्याने नाही. त्याची हिंमत कमी होईल की वाढेल हा नंतरचा प्रश्न. दार बंद झाल्यावर “बाहेर कुणाला सांगितलंस?” म्हणून दुसरा मार मुलालाच बसतो. आवाज चालू असताना तो थांबवायचा असेल तर बेल वाजवा आणि काहीतरी साधं मागा: विरजण आहे का, तुमच्याकडे पाणी येतंय का, गॅसचा वास येतोय का. दार उघडलं की हात थांबतो. मूल दोन मिनिटं सुटतं आणि तुमच्यावर संशयही येत नाही.

फोन केला की मूल उचलून नेतील, ही भीती बहुतेकांना गप्प बसवते. प्रत्यक्षात जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं आधी घरी येऊन चौकशी करतात. गरज वाटली तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाला शक्यतो कुटुंबातच ठेवायचं, संस्था हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे. बऱ्याच घरांत समुपदेशन आणि देखरेख यावरच काम भागतं. आणखी एक: जिथे मूल मार खातं तिथे आईही खात असण्याची शक्यता मोठी असते. ती जिन्यात एकटी भेटली तर “का सहन करता?” असं विचारू नका. “कधीही, रात्री-अपरात्री, आमची बेल वाजवा” एवढं म्हणा आणि महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक तिला पाठ होईल असा सांगा.

राहता राहिलं सोसायटीचं. बारा घरांना आवाज जातो म्हणून बारा फोन जात नाहीत, बहुधा एकही जात नाही. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये याचे प्रयोग केले. खोलीत धूर येऊ लागला तेव्हा एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. तिघेजण एकत्र बसवले, तेव्हा केवळ ३८ टक्के गटांतून कुणी उठलं. माणसं निर्दय होती म्हणून नव्हे. प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा बघत होता, आणि तो शांत दिसतोय म्हणजे काही विशेष नसावं असं समजत होता. तुमच्या जिन्यातही हेच चाललं आहे. म्हणून “कुणीतरी बघा हो” असं ग्रुपवर टाकू नका. समोरच्या काकूंना नावाने सांगा, “मी आत्ता १०९८ ला फोन करतेय, तुम्हीही करा.” दोन वेगवेगळ्या घरांतून आलेली तक्रार एका घराचं भांडण म्हणून बाजूला टाकता येत नाही.

प्रश्न: मी सिंहगड रस्त्यावर घरी शिकवणी घेते. सातवीतल्या एका मुलीने रडत सांगितलं की घरी राहायला आलेले काका तिच्या अंगाला नको तिथे हात लावतात. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली आहे. आईला सांगू का? की शाळेत?

पोलिसांना. हे कडू वाटेल, पण इथे निवड तुमच्या हातात राहिलेली नाही. मुलांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, कलम १९ मध्ये सांगतो की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्याने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवलंच पाहिजे. शेजारी, शिक्षिका, डॉक्टर, रिक्षावाले काका, कुणीही यातून सुटत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात एका डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो रद्द करण्याचा आदेशच बाजूला ठेवला आणि माहीत असूनही गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेच्या व्यवस्थापनावरही याच कारणासाठी गुन्हा नोंदवला गेला.

लोक इथे एक चूक करतात. मुख्याध्यापकांच्या, संस्थाचालकांच्या किंवा आईच्या कानावर घातलं की आपण मोकळे झालो असं त्यांना वाटतं. कायद्याच्या हिशेबात ते कळवणं नव्हे. १०९८ ला फोन जरूर करा, पण पोलिस ठाण्यात लेखीही द्या. कलम १९ प्रमाणे पोलिसांनी तुमच्या माहितीला नोंद क्रमांक द्यायचा असतो आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवायचं असतं. दोन्ही झाल्याशिवाय उठू नका.

आता शपथेचं. ती मोडावी लागेल, पण मुलीच्या पाठीमागे नाही. तिला उद्याच सांगा: “तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही. हे थांबवायला माझी एकटीची ताकद पुरणार नाही, म्हणून ज्यांचं हे कामच आहे अशा दोन माणसांना मी सांगणार आहे. कुणाला आणि केव्हा, ते तुला आधी सांगेन.” यापुढे कुठल्याही मुलाने “आधी शपथ घ्या” म्हटलं तर शपथ घेऊ नका. “तुला त्रास होत असेल तर मला मदत मागावी लागेल” असं म्हणून मग ऐका.

खोदून विचारू नका. “काकांनी इथे हात लावला का? किती वेळा? तू ओरडली का नाहीस?” यातला पहिला प्रश्न उत्तर तोंडात घालतो आणि शेवटचा दोष तिच्यावर टाकतो. तिने आपणहून उच्चारलेले पहिले शब्द सगळ्यांत मोलाचे असतात. तिने “शूची जागा” म्हटलं असेल तर तसंच लिहा, शुद्ध करू नका. तारीख, वेळ, ती कुठे बसली होती, हे त्याच दिवशी लिहा आणि सही करा. दहा माणसांनी दहा वेळा विचारलं की मूल प्रत्येकाला थोडं वेगळं सांगतं. पुढे कोर्टात बचाव पक्षाला तेवढं पुरतं.

आईला अंधारात ठेवा असं आम्ही म्हणत नाही. पण काका त्याच घरात आहेत. आईला एकटीला सांगितलं आणि तिने रात्री घरातच विषय काढला, तर सकाळपर्यंत मुलीचं तोंड बंद केलं जाईल आणि कपडे धुतले जातील. आधी पोलिस, आणि त्यांच्या सोबत आई, हा क्रम जास्त सुरक्षित. काका पुन्हा घरी एकटे असणार असतील तर “मुलगी आज संध्याकाळी तिथेच जाणार आहे” हे फोनवर पहिल्या वाक्यातच सांगा.

गेल्या तीन-चार दिवसांत काही घडलं असेल तर वेळ मोजून वागा. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ नको. तेव्हाचे कपडे धुऊ नयेत, ओले असल्यास सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि पुरावा खराब होतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात, म्हणून ‘सोमवारी बघू’ चालत नाही. ससून असो की खासगी दवाखाना, अत्याचार झालेल्या व्यक्तीवर तातडीचे उपचार मोफत करणं प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आधी एफआयआर आणा असं ते म्हणू शकत नाहीत. आणि अंघोळ झाली, कपडे धुतले गेले, म्हणून तक्रार सोडूनही देऊ नका. मुलीचं म्हणणं हा स्वतंत्र पुरावा असतो.

मुलीला ठाण्याच्या बाकावर बसावं लागेल का? नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती मुलीच्या सोबतीला साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. हे नियम तुम्हाला पाठ असले की समोरचाही ते पाळतो.

प्रश्न: स्वारगेटहून पीएमपीच्या बसमध्ये एक बाई तीन वर्षांच्या मुलाला सारखी चापट्या मारत होती, गदागदा हलवत होती. सगळे बघत होते. मी काही बोलू शकलो नाही.

अशा वेळी तोंडून उपदेश निघाला की आई लाजते, आणि ती लाज मुलावर निघते. आईला मदत करा: “ताई, इथे बसा, पिशवी माझ्याकडे द्या. दमलाय वाटतं बाळ.” त्या क्षणाची चढलेली पट्टी बहुतेकदा एवढ्याने उतरते. हलवण्याबद्दल मात्र स्पष्ट बोला. लहान मुलाची मान नाजूक असते, डोकं जड. जोरात हलवलं की मेंदूला आतून इजा होऊ शकते आणि वरून काहीच दिसत नाही. “ताई, मान सांभाळा, आतून लागतं” हे वाक्य कुणालाही अपमानाचं वाटत नाही. बाई बरोबरच्या मुलाची वाटतच नसेल, मूल तिला घाबरून दुसऱ्यांकडे झेपावत असेल किंवा गुंगीत असेल, तर कंडक्टरला सांगा आणि ११२ लावा. बसचा क्रमांक आणि पुढचा थांबा सांगितला की पुरे.

प्रश्न: आमच्या हडपसरच्या सोसायटीत लिफ्टच्या कॅमेऱ्यात एक माणूस लहान मुलीशी घाणेरडं वागताना दिसला. कुणीतरी ते चित्रण ग्रुपवर टाकलं, “सावध राहा” म्हणून. आता काय करावं?

ग्रुपवरून ते ताबडतोब काढायला लावा. हेतू चांगला असला तरी त्या मुलीची ओळख तीनशे घरांत पोचली आहे, आणि ते पोलिसांच्या हातून घडलेलं नाही, शेजाऱ्यांच्या हातून घडलं आहे. पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाचं नाव, चेहरा, पत्ता, शाळा उघड करायला मनाई करतात. लैंगिक स्वरूपाचं चित्रण पुढे पाठवणं तर गुन्हा आहेच. ते पुसून न टाकता आणि न कळवता, पसरवण्याच्या हेतूने जवळ ठेवणं हाही पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा आहे.

मूळ चित्रण मात्र वाचवायला हवं, आणि घाई तिथेच आहे. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. बऱ्याच सोसायट्यांत पंधरा दिवस ते महिनाभरात सगळं पुसलं जातं. आजच चेअरमनना लेखी कळवा की त्या तारखेचं रेकॉर्डिंग थांबवून राखून ठेवा, डीव्हीआर कुणी उघडू नये. मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढला म्हणजे काम झालं असं नाही. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. डीव्हीआरवरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवा. एवढ्याशा फरकावरून पुढे वाद होतात.

प्रश्न: समोरच्या फ्लॅटमध्ये अकरा-बारा वर्षांची मुलगी कामाला आहे. “गावाकडची, नात्यातली आहे” म्हणतात.

नात्यातली मुलगी सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडते. ही पडत नसेल तर १०९८. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, दंड किंवा दोन्ही. “आपण तिला जेवायला तरी घालतो” या वाक्यावर फार माणसं समाधान मानतात. मानू नका.

प्रश्न: आणि मी चुकलो असेन तर? उगाच एखाद्याचं घर मोडेल. शिवाय पोलिसांनी घेतलंच नाही तर?

तुम्हाला सिद्ध काहीच करायचं नाही. पाहिलं ते सांगायचं आणि खरं-खोटं करायचं काम ज्याचं त्याच्यावर सोपवायचं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हे पोक्सोच्या कलम १९ मध्येच लिहिलं आहे. शिक्षा आहे ती बदनामीसाठी, पैसे उकळण्यासाठी रचलेल्या खोट्या तक्रारीला. म्हणून बोलताना ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ आणि ‘वाटतं’ हे तीन शब्द वेगळे ठेवा. “तो मुलीला छळतो” यापेक्षा “मी जिन्यात हे पाहिलं” ही तक्रार जास्त टिकते आणि माणसावर अन्यायही करत नाही. साक्षीला बोलावणं येऊ शकतं, ते आम्ही लपवणार नाही. वही असेल तर दोन वर्षांनीही तुम्ही नीट सांगू शकाल.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. हडपसरची घटना वाकडच्या ठाण्यातही नोंदवता येते, ते कागद योग्य ठाण्याकडे धाडतात. नोंदच घेतली नाही तर हकिकत लिहून वरिष्ठांना, म्हणजे शहरात पोलिस उपायुक्तांना आणि ग्रामीण भागात पोलिस अधीक्षकांना, टपालाने पाठवा आणि पोचपावती जपा. साध्या मारहाणीत ठाण्यात अदखलपात्र नोंद (जिच्यावर पोलिस आपणहून तपास करत नाहीत) करून बोळवण होते, तेव्हा थेट बाल कल्याण समितीकडे अर्ज द्या. तिथे कुणीही नागरिक जाऊ शकतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथे मिळकत न बघता मोफत मदत मिळते. दूरध्वनी १५१००.

प्रश्न: वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. एक भाडेकरू शेजारच्या लहान मुलीला खोलीत बोलवायचा. मला दिसत होतं, कळत होतं. मी बोलले नाही. ती आता तिशीत आहे, लग्नसमारंभात भेटते. मी तिची माफी मागू का?

तिने विषय काढल्याशिवाय नको. तुमच्या मनावरचं ओझं हलकं व्हावं म्हणून तिच्या मनातलं बंद दार एखाद्या मांडवात उघडलं, तर पुन्हा एकदा तिचं काहीतरी तिला न विचारता घेतल्यासारखं होईल. ती कधी बोललीच, तर “मी पाहिलं होतं. तू खोटं बोलत नाहीस. मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही” असं, एकाही सबबीशिवाय सांगा. अशा मुलींना आयुष्यभर सर्वांत जास्त छळतं ते ‘मी कल्पना तर केली नाही ना’ हे. त्यावर उत्तर देऊ शकणारं माणूस तुम्ही आहात. तिला तक्रार करायची असेल तर साक्ष द्यायची तयारी दाखवा. घटना २०१२ च्या आधीची असल्याने पोक्सो लागू होणार नाही, जुनं भारतीय दंड विधान लागेल. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला मुदत नाही, किरकोळ कलमांना असू शकते. हे विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाकडून नक्की करून घ्या. पण तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं.

तुम्हाला मात्र आजच एक काम आहे. तो भाडेकरू आता कुठे राहतो, त्याच्या घरात नातवंडं आहेत का, तो कुठे शिकवतो का, एखाद्या मंडळात मुलांना जमवतो का, याची माहिती काढा. तिथे एखादं मूल त्याच्या तावडीत आहे अशी धास्ती वाटली, तर ती कळवणं कायद्याने तुमच्यावर आज बंधनकारक आहे. १०९८.